सत्तार पिंजारींचे अकरा खड्डे

सत्तार पिंजारींनी खणलेल्या खड्ड्यावर कुणी शंका घेतली की माझं डोकं फिरायचं. आमच्या माती सर्वेक्षणाच्या कार्यालयात नवीन आलेला एखादा साहेब पत्रकावर पेन टेकवून विचारायचा, "हा थर इथेच संपतो, कशावरून?" मी माझ्या टेबलावरूनच उत्तर द्यायची, "सत्तारचाचांचा खड्डा आहे तो. पुढे चला." तेरा-चौदा वर्षं मी हेच वाक्य वापरलं. मागच्या वर्षी मात्र त्या खड्ड्यांवर शंका घ्यायची पाळी माझ्यावरच आली. ज्या माणसाने मला माती वाचायला शिकवलं, त्याच्या कामावर विश्वास ठेवायचा की नाही, हे ठरवायचं काम सरकारी कागदाने माझ्याच हातात दिलं. ही हकिगत मी रागातच सांगणार आहे. राग अजून गेलेला नाही, फक्त तो कुणावर काढायचा ते कळत नाही.

चाचा शहाद्याचे. बाप-आजा कापूस पिंजणारे. खांद्यावर धनुष्यासारखं पिंजण टाकून गावोगाव हिंडायचं, ओट्यावर बसून गाद्या-उशांचा कापूस मोकळा करून द्यायचा, हा घराण्याचा धंदा. चाचांनीही विसाव्या वर्षापर्यंत तेच केलं. मग गादीची यंत्रं आली आणि पिंजणाच्या तातीचा आवाज बाजारातून गेला. चाचा विहिरींचा गाळ काढायला जाऊ लागले आणि ब्याण्णव साली आमच्या कार्यालयाच्या जीपमध्ये रोजंदारीवर बसले. कुदळ, पहार, फावडं आणि दोन घमेली घेऊन ते जे बसले ते तीस वर्षं उतरले नाहीत. जिल्ह्याच्या मातीच्या नकाशावर जेवढे ठिपके आहेत, त्यातले निम्मे तरी या एका माणसाच्या हाताचे आहेत. नकाशावर नाव मात्र कुठल्यातरी साहेबाचं असतं. ते चालायचंच.

आमचं काम सांगायला सोपं आहे. शेतात पुरुषभर खोल खड्डा खणायचा. त्याची एक भिंत खरवडून साफ करायची आणि वरून खालपर्यंत थर वाचायचे. रंग कुठे बदलतो, चुनखडी कुठे लागते, मुरूम किती खोलीवर आहे, हे सगळं पत्रकात भरायचं. प्रत्येक थराची माती कापडी पिशवीत घालून प्रयोगशाळेत पाठवायची. मग त्या आकड्यांवरून जमिनीचा वर्ग ठरतो: उथळ, मध्यम, खोल काळी, चोपण. एका खड्ड्यावरून आजूबाजूच्या कित्येक एकरांचा निकाल लागतो. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. म्हणून शीत कुठलं उचललं याला फार किंमत असते.

मी नोकरीला लागले २००९ साली. कृषीची पदवी, वर सुवर्णपदक, त्यामुळे नाक चांगलंच वर. मी प्रकाशाजवळच्या गावची, शेतकऱ्याचीच मुलगी, पण तेव्हा ते सांगायला लाजायची. पहिल्याच दिवशी खड्ड्यात उतरून मी मातीच्या रंगांचं पुस्तक उघडलं आणि ढेकूळ त्याच्या चौकोनांवर ठेवून बघू लागले. चाचा काठावर बसून होते.

"मॅडम, पुस्तक बंद करा," ते म्हणाले. "पहिले हात वल्ला करा."

मला राग आला. खड्डा खणणाऱ्या माणसाने मला शिकवायचं? चाचांनी ढेकूळ घेतलं, पाण्याचे चार थेंब टाकून मळलं, अंगठा आणि बोटाच्या मध्ये दाबून त्याची पट्टी लांबवली. "शंभरमा पंचावन चिकनी," असं म्हणून त्यांनी हात धोतराला पुसला. पंधरा दिवसांनी प्रयोगशाळेचा आकडा आला चौपन्न. त्यानंतर काही दिवस मी तोंड बंद ठेवलं, माझ्यासारखीला ते अवघडच होतं. नंतर विचारलं तेव्हा ते म्हणाले की कापसाचा धागा लांब की आखूड हे पिंजाऱ्याच्या चिमटीला कळतं, मातीचंही तसंच.

पुढे मी त्यांना चाचा म्हणू लागले आणि ते मला पोरी. त्यांनी मला किती गोष्टी शिकवल्या ते सांगत बसले तर दिवस जाईल. एकच सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच अडलं. जुन्या खड्ड्याच्या जागी पुन्हा कधी खणायचं नाही. "जठे एकदाव कुदय पडनी, तठे दुसरांदाव खंदानं नही. पाच पावलं सरकानं. ती माटी खोटी ग्वाही देस." एकदा उकरून भरलेली माती म्हणजे तिथली राहिलेली नसते, ती मोकळी झालेली असते. आमच्या पुस्तकातही हा नियम आहे, पण मी तो पुस्तकात वाचण्याआधी चाचांच्या तोंडून ऐकला.

आता मागच्या वर्षीचं. पुरुषोत्तमनगरच्या पुढे तापीकाठी एक गाव आहे. नाव सांगणार नाही, सांगितलं तर पुन्हा फोन सुरू होतील. गावाभोवती सगळा ऊस. वर्षानुवर्षं पाटाचं पाणी जमिनीत मुरून मुरून खाली तुंबलं आणि माती खारावली. उन्हाळ्यात सऱ्यांवर पांढरी पूड दिसते, पावसाळ्यात पाऊल टाकलं की पचपच होते. अशा जमिनीला चोपण म्हणतात. सुकली की दगड, भिजली की साबण. २०१३ साली आम्ही त्या गावात अठरा खड्डे घेतले होते, त्यातले चौदा चोपण निघाले होते. आता जमिनीखाली भोकं असलेले नळ टाकून पाणी काढून देण्याची योजना आली. अट अशी की ताज्या पाहणीत निम्म्याहून जास्त खड्डे चोपण निघाले तरच गाव यादीत. म्हणजे अठरा ठिकाणी परत जायचं होतं, जुन्या ठिपक्यांच्या शेजारी.

जानेवारी महिना. मोबाइलमधलं नवं ॲप जुना ठिपका दाखवायचं आणि त्याच्या दहा मीटरच्या आत खड्डा असला की नोंद स्वीकारायचं. ॲप चालायला रेंज लागायची, रेंज रस्त्यावर यायची, म्हणून मी जीपमध्ये बसून पत्रकं भरत असायची. जागा आखून देणं हे माझं काम. पहिल्या दिवशी मी आखून दिली. मग म्हटलं, चाचांना काय आखून द्यायचं, त्यांनीच मला शिकवलंय. खड्डा तयार झाला की ते हाक मारायचे आणि मी उतरून थर वाचायची. एकदा मी त्यांना चिडवलंसुद्धा, "काय चाचा, म्हातारपणी हात जलद झाला तुमचा." ते नुसते हसले. ते खोकत होते, पण ते नेहमीच खोकायचे. लहानपणचा कापूस छातीत बसलाय, असं ते स्वतःच म्हणायचे.

नववा खड्डा कमलबाईंच्या वावरात होता. कमलबाई साठीच्या, हिंमतराव पाटलांच्या पत्नी, बांधावर उभ्या राहून पूर्ण वेळ बघत होत्या. मी खड्ड्यात उतरले. वर काळा थर, खाली पिवळट, त्यात चुनखडीचे खडे, सगळं जुन्या पत्रकात लिहिलं होतं त्याच क्रमाने. फक्त माती हाताला मऊ लागली. मला आनंदच झाला. म्हटलं, सुधारली जमीन. नमुने भरले, पिशव्यांना दोरी बांधली आणि पुढच्या शेताकडे निघालो.

प्रयोगशाळेचे आकडे आले. अठरापैकी फक्त पाच चोपण. साहेबांनी मसुद्यात स्वतःच्या हाताने वाक्य घातलं की दहा वर्षांत जमिनीत लक्षणीय सुधारणा झाली आहे. सुधारणा झाली म्हटलं की वरचे खूश असतात. गाव यादीतून गेलं. अंतिम अहवाल महिनाअखेर जायचा होता.

त्याआधीच कमलबाई नंदुरबारला आल्या. एसटीने, एकट्या. पदराची गाठ सोडून त्यांनी माझ्या टेबलावर पांढऱ्या मातीचा खपला ठेवला, फायलींच्या वरच.

"माटी बरी व्हयनी म्हंतस तुम्ही. मंग हाई काय शे?"

मी सांगितलं, वरची पूड बघून काही ठरत नाही, खालचे थर बघावे लागतात. बोलताना माझा आवाज चढला होता.

"ऊस पिवया पडी ऱ्हायना. पाय ठेवा का पानी वर येस. तुमना आकडास्ले दिसत नही का?"

"सत्तारचाचाना खड्डा शे तो," मी म्हणाले. "त्यास्ना खड्डा खोटा ऱ्हास नही."

"खड्डा खोटा म्हनत नही मी," कमलबाई म्हणाल्या. "मन्हं वावर खरं शे, इतलंच सांगस." खपला टेबलावरच ठेवून त्या निघून गेल्या. मी शिपायाला टेबल पुसायला सांगितलं. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण त्या दिवशी मी कशी वागले ते माझ्या लक्षात राहायला हवं.

पण बाईचं वाक्य डोक्यातून जाईना. प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग आम्ही राखून ठेवतो. दुसऱ्या दिवशी मी कमलबाईंच्या वावराची सर्वांत खालच्या थराची पिशवी काढली, लाकडी मोगरीने ढेकळं फोडली आणि माती चाळणीवर टाकली. माती खाली गेली, चाळणीवर चुनखडीचे खडे राहिले. त्या खड्यांत बोटभर लांबीचा निळा नायलॉनचा दोरा होता. त्या निळ्या दोऱ्याने आम्ही २०१३ साली पिशव्यांची तोंडं बांधायचो, नंतर पांढरा आला. जमिनीखाली चार फुटांवर, जिथे नांगराचा फाळ कधी पोचत नाही, तिथे आमचाच दोरा निघाला होता. मी तो कागदाच्या पुडीत बांधून ठेवला.

म्हणजे कुदळ जुन्याच खड्ड्यात पडली होती. दहा वर्षांपूर्वीची भरलेली मोकळी माती, तिच्यातून दहा पावसाळ्यांचं पाणी आरपार गेलं आणि खार धुऊन घेऊन गेलं. त्या चिमुकल्या जागेपुरती जमीन खरंच सुधारली होती. बाजूला चार हात सरकलं की दगडच.

आणि मला ते कळलं कसं नाही? याचं उत्तर फार वाईट आहे. भरलेला खड्डा सहसा लगेच ओळखू येतो. काळी-पिवळी माती सगळी एकमेकींत मिसळलेली असते. पण चाचांची रीत निराळी होती. खणताना ते प्रत्येक थराचा वेगळा ढीग घालायचे आणि भरताना खालची माती खाली, मधली मधे, वरची वर अशीच परत लावायचे, पायांनी दाबून दाबून. शेतकऱ्याच्या वावरात मुरूम वर आला तर त्या जागी चार वर्षं काही उगवत नाही, आपण पाहुणे आहोत, पाहुण्याने घर घाण करू नये, असं त्यांचं म्हणणं. दुसरा कुठलाही मजूर असता तर त्याने ढकलून दिलं असतं आणि मला पहिल्या नजरेत कळलं असतं. चाचांच्या टापटिपीनेच मला फसवलं.

शनिवारी मी शहाद्याला गेले. चाचा ओसरीत भिंतीला टेकून बसले होते. त्यांची बायको रशिदाचाची चहा ठेवायला उठली. मी चहा नको म्हटलं, त्यावरूनच दोघांना काहीतरी कळलं असावं. मी दोरा काढून चाचांच्या हातावर ठेवला.

"कमलबाईना वावरना," मी म्हणाले. "खालना थरमा सापडना."

चाचांनी तो चिमटीत धरून बघितला. नाकारायचं त्यांच्या मनातही आलं नाही, एवढं मला तोंडावरून दिसलं.

"तो एकच नही, पोरी," ते म्हणाले. "आकरा शेतस."

आणि त्यांनी ते मोजून दाखवले. आकड्यांनी नाही, वावरांनी. कमलबाईंचं, त्यांच्या दिराचं, विहिरीजवळचं, मारुतीच्या पारामागचं. अकराही तोंडपाठ. मी ओरडले. काय ओरडले ते लिहायची लाज वाटते. तुम्हीच नियम शिकवला आणि तुम्हीच मोडला, गावाचं वाटोळं केलं, माझं नाक कापलं, असलं सगळं. नाक कापलं हे मी दोनदा म्हणाले.

माझं संपल्यावर ते म्हणाले, "कोरी माटीमा आते मन्ही कुदय जास नही. पहिला चार दिनमा सात खंदात. सातवाले कंबरलगून गऊ आन् डोयासमोर अंधारी उनी. तू जीपमा व्हती. मंग जुनी जागा नरम लागनी."

"सांगं काबर नही माले?"

"सांगतू ते तू दुसरा माणूस बलावती."

रशिदाचाची दारात उभी होती. ती म्हणाली, "याना हातथून एक बादली उचलाय जास नही, पोरी. डिसेंबरमा चिंचपाडाले दवाखानामा गयथात. डॉक्टरनी सांगं, कुदयले हात लावानं नही." तिने फळीवरच्या डब्यातून कागद काढून माझ्यापुढे धरला. तारीख आमच्या पाहणीच्या तीन आठवडे आधीची होती. मी कागद वाचला आणि माझा राग आहे तिथेच राहिला, फक्त त्याची दिशा बदलली. तीन आठवडे आधी हा माणूस नंदुरबारहून रेल्वेने चिंचपाड्याला गेला होता, माझ्या कार्यालयापासून पायी दहा मिनिटांवरच्या स्टेशनातून. आणि मी त्याच्या जलद हाताची चेष्टा करत होते. त्या अकरा खड्ड्यांत पहिली कुदळ पडताना मी एकदाही जीपमधून उतरून जागेवर उभी राहिले नव्हते. आपलेच दात, आपलेच ओठ.

मी वाट काढली. म्हटलं, प्रयोगशाळेतलं यंत्र बिघडलं होतं असं लिहिते, अकरा नमुने पुन्हा घेऊ, कुणाला काही कळणार नाही.

चाचांनी मान हलवली. "यंत्रनी काय करं? त्याले जे दिन्हं ते त्यानी खरं सांगं."

सोमवारी मी कार्यालयात पोचले तेव्हा ते साहेबांच्या दारात उभे होते, धुतलेला सदरा घालून. मी काही बोलायच्या आत ते आत गेले. साहेबांपुढे ते नेहमी शाळेतलं मराठी बोलायचे, शब्द जुळवून जुळवून. "साहेब, अकरा खड्डे मी जुन्या जागी खणले. मॅडमना माहीत नव्हतं."

मी मागून म्हणाले, "जागा आखायचं काम माझं होतं. मी आखली नाही."

"ते मी तुमच्या गोपनीय अहवालात बघतो," साहेब म्हणाले. मग ते चाचांकडे वळले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त लागलं. "पिंजारी, अकरा खड्डे पुन्हा घेता येतील. पण आधीच्या तीस वर्षांचं काय? तेही असेच असतील तर?"

"याच साली, साहेब."

"असं तुम्ही म्हणता."

  साहेब माणूस म्हणून वाईट नाहीत. त्यांच्या जागी मी असते तरी हाच प्रश्न विचारला असता, आणि म्हणूनच मला त्यांचा राग आला. त्यांनी आदेश काढला. अकरा खड्डे नव्या माणसाकडून, आणि सत्तार पिंजारींच्या जुन्या खड्ड्यांपैकी कुठलेही दहा निवडून शेजारी ताजे खणायचे, जुन्या पत्रकाशी ताडायचे. जुळले तर जुनी सगळी माहिती ग्राह्य, नाहीतर तीस वर्षांच्या नोंदींवर फुली. ताडून बघणार कोण, तर मी. ॲपच्या आधीच्या काळातल्या जागा नेमक्या कुठे आहेत हे कुणालाच माहीत नव्हतं, एका चाचांशिवाय. म्हणून त्यांनाही जीपमध्ये घ्यावं लागलं, स्वतःचीच झडती दाखवायला.

नवा माणूस म्हणून दोधू आला. चाळिशीचा, विहिरींवर काम केलेला, दंडात ताकद, तोंडाने अबोल. पहिला खड्डा कमलबाईंच्या वावरात, जुन्या जागेपासून पाच पावलांवर. पावलं मी टाकली. दोधूला तिथे दुपारपर्यंत घाम फुटला, पहार खणखण वाजत होती. तीन फुटांवर ओल लागली, चारवर पाणी साचलं. सामूचा आकडा आला नऊच्या वर, सरळ चोपण. कमलबाई खड्ड्यातलं पाणी बघत होत्या. "दिसनं ना?" एवढंच त्या म्हणाल्या, आणि चाचांना मात्र तांब्याभर पाणी आणून दिलं. चाचांनी त्यांच्याकडे न बघता ते घेतलं. अकरांपैकी दहा चोपण निघाले. गाव परत यादीत गेलं. पुढे नळ पडतील तेव्हा पडतील, सरकारी काम आहे.

राहिले जुने दहा. ते आम्ही मार्चभर करत होतो. नवापूरकडचे दोन, शहाद्याकडचे चार, तळोद्याचे तीन. चाचा जीपमधून उतरायचे, इकडेतिकडे बघायचे, एखादं झाड, बांधाचा वाक, आणि काठी टेकायचे. जिथे टेकायचे तिथेच जुना खड्डा असायचा. शेजारी दोधू खणायचा. मी खड्ड्यात उतरून पत्रक उघडायची आणि वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा एकेक आकडा जुळायचा. पहिले पाच जुळले तेव्हा चाचा जीपमध्ये थोडं बोलू लागले. आठवा जुळला त्या दिवशी त्यांनी मला पुन्हा पोरी म्हटलं. नऊ जुळले तेव्हा मला वाटलं, सुटलो.

दहावा अक्कलकुव्याच्या रस्त्याला, डोंगराच्या पायथ्याशी. मी नोकरीत येण्याआधीचा, २००६ चा. जुन्या पत्रकात स्पष्ट लिहिलेलं: साठ सेंटिमीटरवर मुरूम, वर्ग मध्यम खोल. दोधूने खणायला घेतलं. साठ झाले, सत्तर झाले, माती निघतच राहिली. मुरूम लागला तो पंच्याण्णववर. मी दोनदा टेप लावला.

याची कारणं शंभर असू शकतात, मला ती सगळी येतात. सतरा वर्षांत शेतकऱ्याने वावर सपाट केलं असेल, डोंगरावरची माती वाहून येऊन साचली असेल, पायथ्याशी मुरमाची पातळी चार पावलांत खाली-वर होते हे तर पहिल्या वर्षाच्या मुलालाही माहीत असतं. शेताचा मालक गुजरातेत कामाला गेलेला, विचारायला कुणी नाही. चाचा काठावर येऊन वाकून बघत होते.

"साठवर मुरूम व्हता," ते म्हणाले. "कुदयनी ठिनगी उडनी व्हती."

मला गप्प बसता आलं असतं. नऊ जुळले होते, कारण लिहून मोकळी झाले असते. पण महिनाभर झडती घेऊन घेऊन माझ्या तोंडाला तीच सवय लागली होती. मी म्हणाले, "चाचा, तव्हयनी जागा कोरी व्हती ना?"

ते काठीवर भार देऊन सरळ झाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"तू बी इचारं," ते म्हणाले.

मी लगेच म्हणाले की पत्रकासाठी विचारावं लागतं, माझ्या मनात तसं काही नाही. ते त्यांनी ऐकून घेतलं, मान डोलवली. मी नमुने भरले. दोधू फावडं घेऊन खड्डा भरायला उभा राहिला. चाचांबरोबर महिनाभर राहून त्यालाही त्यांची रीत लागली होती, त्याने मुरूम, पिवळी आणि काळी असे तीन वेगळे ढीग नीट घातले होते. त्याने मुरमाच्या ढिगात फावडं घातलं, तेव्हा चाचा पुढे आले आणि काठीने तिन्ही ढिगांवरून एक आडवी रेघ मारली.

"अश्शी नको लावू. सर्वी माटी एकत्र ढकल. पुढला माणूसले समजाले जोयजे, आठे पहिले कोनी खंदेल शे."

दोधूने माझ्याकडे बघितलं.  चाचा म्हणत होते ते शास्त्राला धरूनच होतं. मग दोधूने काळी, पिवळी, मुरूम सगळं एकदमच खाली लोटलं आणि चाचा पाठ फिरवून जीपकडे गेले. शहाद्यात घराच्या कोपऱ्यावर उतरताना त्यांनी दार धरून ठेवलं. "सकायपाईन माले बलावू नका, मॅडम," असं उद्यापासूनचं काम तोडून ते गल्लीत वळले.

अहवाल मी लिहिला. दहापैकी नऊ खड्डे जुळतात, दहाव्यातला फरक जागेच्या चढउतारामुळे असावा, सत्तार पिंजारी यांच्या जुन्या नोंदी पूर्णपणे विश्वासार्ह धराव्यात. साहेबांनी शब्दही न बदलता सही केली. त्याची एक प्रत माझ्या पिशवीत आहे, शहाद्याला जाऊन त्यांना वाचून दाखवीन म्हणून वर्षभर तशीच आहे. जायला होत नाही. एवढा विश्वास होता तर मग विचारलं कशाला, असं ते म्हणणार, आणि त्यावर मी काय सांगणार?